बाहेर वाढलेली जिलेबी

आमचे सर हजेरी घेत नसत. वर्गात आले की आधी छताकडे बघत, मग खिडक्यांकडे, मग दाराकडे, आणि ही मंडळी जागेवर आहेत अशी खात्री पटली की मग विद्यार्थ्यांकडे. खडू हातात घेऊन पहिल्या बाकापासून ते एकच प्रश्न विचारत जात: "काल काय झालं न्हाय?"

नव्या विद्यार्थ्याला वाटे, आपण चुकीच्या वर्गात शिरलो. जुना मात्र उभा राहून सांगे, की सर, काल आमची म्हैस विहिरीत पडली नाही. का नाही पडली? तर परवाच कठडा बांधून घेतला. "तयारी. बस." दुसरा सांगे, की मी मोटारसायकलवरून येताना उसाच्या ट्रॉलीवर आदळलो नाही. का नाही? तर ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, पण अगदी जवळ गेल्यावर दिसली. "नशीब. बस." सरांच्या लेखी जगातल्या सगळ्या न घडलेल्या गोष्टींची दोनच खाती होती, तयारी आणि नशीब. ज्याचं नाव नशिबाच्या खात्यात सारखं येई त्याला ते कँटीनमध्ये नेत, चहा पाजत आणि चहा संपेपर्यंत झापत. "सर, काल काहीच झालं नाही" असं कुणी मोघम सांगितलं तर त्याची गैरहजेरी लागायची.

धाराशिवात आपत्ती जोखीम व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतो हे धाराशिवातल्याच कितीतरी लोकांना ठाऊक नव्हतं. स्टँडवर रिक्षात बसून मी विभागाचं नाव सांगितलं की रिक्षावाला मागे वळून जरा सहानुभूतीनं बघायचा. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे तास झाला तर मी प्राध्यापक, नाही झाला तर मी घरी. सर निवृत्तीला टेकलेले, मी अशी अधांतरी, आणि विभागात कायमस्वरूपी म्हणावा असा एक गळका कूलर. त्या कूलरखाली सरांनी स्वतःच्या हातानं पाटी लावली होती, "इथे घसरू नये". कूलर दुरुस्त करून घ्यावा असं मी सुचवलं तेव्हा ते म्हणाले, की पोरांना सरावाला काहीतरी पाहिजे की.

एसटीत सर नेहमी संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशेजारी बसत. नुसते बसत नसत. गाडी सुटली की उभे राहून बाकीच्या प्रवाशांना ते दार कसं उघडतं ते समजावून देत. एकदा लातूरच्या गाडीत "हे असं" म्हणत त्यांनी ते खरोखरच उघडलं आणि एका आजीचं गाठोडं रस्त्यावर गेलं. कंडक्टर नको नको ते बोलला. गाडी थांबली, सर उतरले, पळत जाऊन गाठोडं घेऊन आले, त्यावरची धूळ झटकली आणि आजीच्या मांडीवर ठेवत म्हणाले, आता हे दार उघडतं अशी खात्री पटली का? आजी हो म्हणाली. तिला दुसरं म्हणण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

कुणाच्याही घरी गेले की सर आधी स्वयंपाकघरात घुसायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा तीर्थ घ्यायच्या आधी त्यांनी गॅसची नळी वाकवून बघितली, नाकाशी धरली आणि आईला सांगितलं की ही आजच्या आज बदला. आई सोवळ्यात. ती जे पुटपुटली ते पोथीत नव्हतं. थोड्या वेळानं सर नवी नळी घेऊन परत आले, स्वतः बसवली, साबणाचा फेस लावून तपासली, आणि मगच प्रसादाला हात पुढे केला. त्या दिवशी आई चिडली होती. आता आमच्या घरी पाहुणे आले की ती त्यांना आधी नळी दाखवते आणि मग पाणी देते.

सरांच्या घराची सगळी दारं बाहेरच्या बाजूला उघडायची. बेल वाजवून जो समोर उभा राहील त्याच्या नाकावर दार यायचं. दूधवाल्यानं, पोस्टमननं आणि मी, सगळ्यांनी तो प्रसाद घेतलेला. एकदा नाक चोळत मी विचारलं, की सर, हा काय छळ मांडलाय? सर माकणीकडचे. तिकडं भूकंप झाला तेव्हा ते तरुण होते, एवढंच मला माहीत होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत. माझ्या हातात बर्फाचा तुकडा देता देता म्हणाले, "आमच्या गल्लीतली दारं आत उघडायची." आणि चहा टाकायला आत निघून गेले. त्यानंतर त्या दारांची थट्टा मी कुणाला करू दिली नाही.

सरांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी इरफान. ढोकीचा, वडिलांचा मांडव घालायचा धंदा. त्यानं प्रबंधाला विषय घेतला होता, लग्नाच्या पंगतीतली माणसं संकटाच्या वेळी बाहेर कशी काढायची. पुस्तकं सांगतात, शिट्टी वाजवा, सूचना द्या, लोकांनी हातातलं टाकून बाहेर पडावं. गुरुशिष्यांनी कळंबकडच्या एका लग्नात यजमानाला विचारून शिट्टी वाजवून बघितली. एक माणूस हलला नाही. एका म्हाताऱ्यानं मान वर न करता सांगितलं, की आधी मठ्ठा येऊ द्या. भरल्या ताटावरून उठणं म्हणजे अन्नाचा अपमान, वर यजमानाचा अपमान. आमच्याकडची माणसं एक वेळ आग सोसतील, हे नाही. सर कितीतरी दिवस त्या म्हाताऱ्याचंच बोलत होते.

शेवटी तोड काढली ती इरफाननं. शिट्टी नको, सूचना नको, 'आग' हा शब्द तर नकोच. वाढप्यांनी जिलेबीच्या पराती उचलून मांडवाबाहेर चालायला लागायचं आणि ओरडायचं, जिलेबी बाहेर वाढतायत. ताट सोडा असं म्हणायचं नाही. ताट मागे राहिलं की माणूस ताटासाठी परत आत येतो, म्हणून ताटासकट काढायचं. पुढच्या लग्नात करून बघितलं तर मांडव बघता बघता रिकामा झाला, धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही, उलट लोक एकमेकांना बोलवत निघाले. बाहेरगावच्या परीक्षकांनी तो प्रबंध वाचताना तोंडाला रुमाल लावला होता. सरांनी मात्र वर्गात इरफानला समोर उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या, आणि त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते हे मी बघितलंय.

पुढं इरफानला नोकरी लागली नाही. तो वडिलांच्या धंद्यात गेला. पण त्याच्या मांडवाला चारी बाजूंनी वाटा असत आणि आडव्या कापडाला, म्हणजे कनातीला, अशी गाठ असे की एक टोक ओढलं की कापड खाली. लोक म्हणायचे, पोरगं शिकून वाया गेलं, पण मांडव झकास घालतंय.

आणि मग मूल्यमापन समिती येणार असल्याचं कळलं. समितीला पटलं तर अभ्यासक्रम चालू, नाही पटलं तर पुढच्या वर्षापासून प्रवेश बंद. माझे तास गेले असते ते सोडा, सरांनी उमेदीची सगळी वर्षं ह्या एका विभागात घातली होती. माझी झोप उडाली. सरांना मात्र आनंद झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आपत्त्या शिकवल्या, आता स्वतःची आली, असं म्हणत त्यांनी फळ्यावर समितीचाच धोका-नकाशा काढला. अध्यक्षसाहेबांना मधुमेह आहे अशी बातमी त्यांनी कुठून तरी मिळवली होती, त्यामुळं जेवणाआधीचा काळ लाल खडूनं रंगवला. मग रंगीत तालीम. मला अध्यक्ष केलं. मी मनातली सगळी भीती प्रश्न करून विचारली. सरांना एकाचंही उत्तर देता आलं नाही, आणि ते खुश होऊन म्हणाले की मॅडम, तुम्ही आपल्याला पार बंद पाडलंत, छान.

समिती आली. अध्यक्षसाहेब सफारीतले, गंभीर, आणि सोबत दोन सदस्य, जे साहेब हसले तरच हसायचे. साहेबांनी बसल्या बसल्या विचारलं, अभ्यासक्रमाची फलनिष्पत्ती काय? किती विद्यार्थी ह्या क्षेत्रात नोकरीला लागले?

"साहेब, आमचं फळ दिसत न्हाय," सर म्हणाले. "आमचं काम नीट झालं तर काय होतच न्हाय."

साहेब म्हणाले, की न झालेली गोष्ट मी अहवालात कशी लिहू? काहीतरी दाखवा. सरांचा चेहरा खुलला. चला, दाखवतो, असं म्हणून त्यांनी महाविद्यालयाची जीप काढायला लावली.

त्या दिवशी आम्ही तीन मोठी माणसं जीपमध्ये घालून जिल्ह्यात जिथं जिथं काही झालं नव्हतं तिथं तिथं फिरलो. एका शाळेपुढं जीप थांबवून सरांनी सगळ्यांना वडाकडे बघायला लावलं. ह्या झाडाला मोठं मोहोळ होतं, आमच्या पोरांनी जाणकार माणूस आणून ते सुट्टीत उतरवलं, त्यामुळं माश्या उठल्या नाहीत आणि एकाही लेकराला चावल्या नाहीत. समितीनं वर बघितलं. झाडाला पानं होती. पुढं एका वळणावर सगळे उतरले. इथं आमच्या विद्यार्थ्यांनी उसाच्या ट्रॉल्या थांबवून मागं चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या, आणि गेल्या हंगामात इथं कुणी मेलं नाही. कशावरून मेलं असतं, असं साहेबांनी विचारलं. सर म्हणाले, त्याच्या आदल्या हंगामात मेलते. एका सदस्याला पुराव्यासाठी फोटो घ्यायचा होता, पण कशाचा घ्यावा ते कळेना, म्हणून त्यानं रिकाम्या रस्त्यावर सरांना उभं करून त्यांचाच घेतला. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही येत होतं. उन्हात उभे राहून सर त्या मोकळ्या रस्त्याकडे अशा अभिमानानं बघत होते, जसं कुणी आपल्या नातवाकडे बघावं.

ढोकीत पोचेपर्यंत फळ्यावरचा लाल पट्टा सुरू झाला होता. साहेब भुकेनं चिडचिडे झालेले. तिथं इरफाननं घातलेल्या मांडवात लग्न होतं. आम्ही नुसता मांडव दाखवून निघणार होतो, पण वधूपिता जीपपुढं येऊन उभे राहिले. अक्षता पडल्यात, पंगत बसलीय, आता जेवल्याबिगर कसं जाताल, असं म्हणत त्यांनी साहेबांना हाताला धरून आत नेलं. पाहुण्यांसाठी टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. साहेबांना नवरदेवाच्या वडिलांशेजारी बसवलं. नवरदेवाकडची मंडळी माकणीची. त्यांच्या पलीकडे नवरदेवाची आई, तिच्या डोळ्यांत सगळा मांडव मावेल अशी बाई.

साहेबांनी खाऱ्या वांग्याचा पहिला घास घेतला आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला. मी देवाला हात जोडले. तेवढ्यात मागून वाढप्यांची हाक आली: जिलेबी बाहेर वाढतायत.

मी सरांकडे बघितलं. सर आधीच उभे होते. साहेबांच्या मागच्या कनातीपलीकडे आचाऱ्यांची जागा, आणि कापडाच्या वरच्या कडेला धूर. नंतर इरफाननं सांगितलं, की एका शेगडीची नळी फुटून भडका उडाला होता. आत लोक उठत होते, ताटं हातात, बायका लेकरांना पुढं घालत, म्हातारे एकमेकांना हाक मारत, जत्रेला निघाल्यासारखे. नवरदेवाचे आईवडीलही उठले. सगळा मांडव हलला, आणि साहेब जागचे हलले नाहीत.

आमच्या एवढ्या अभ्यासाला ही एक गोष्ट सुचली नव्हती. मधुमेही माणूस जिलेबीमागं का जाईल? फळ्यावर त्यांचा आजार लाल खडूनं लिहून ठेवणाऱ्या सरांनाही सुचली नव्हती. साहेब शांतपणे पुढचा घास मोडत होते आणि साहेब उठत नाहीत म्हणून ते दोन सदस्यही जिलेबीकडे आशेनं बघत बसून होते.

सर तीन ढांगांत टेबलाशी गेले, साहेबांच्या पुढचं ताट उचललं आणि चालायला लागले. एक शब्द बोलले नाहीत. साहेब घास हातात धरून "अहो, अहो" करत मागं निघाले. सदस्य साहेबांच्या मागं. त्यांच्या मागं मी. त्या वरातीत पुढं सर, दोन्ही हातांत ताट धरून, वाटीतलं वरण न सांडता. आम्ही वाटेतून बाहेर पडलो आणि मागं इरफाननं गाठ ओढून कनात खाली घेतली. पोरांनी ओली पोती टाकली, कुणी तरी टाकीचा कॉक फिरवला, आणि सगळं संपलं. बाहेर लिंबाच्या सावलीत पाचशे माणसं जिलेबी खात उभी होती.

साहेबांचा चेहरा लाल. सरांनी ताट त्यांच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, इथं सावली आहे. बस, एवढंच. समिती गेल्यावर मी सरांना विचारलं, की अहो, एका वाक्यात सांगायचं होतं ना साहेबांना. सर माझ्यावर पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. म्हणाले, "पोरगी अजून सासरी पोचली न्हाय. तिच्या लग्नात मांडव पेटला म्हणून एकदा तोंडातनं गेलं, की जल्मभर तिचा पायगुण काढतील. हे आपल्यात ऱ्हायलं पाहिजे." इरफानला आणि आचाऱ्यालाही त्यांनी तसंच बजावलं होतं. मग एकदम खुदकन हसले. एवढ्या पाचशे माणसांत कुणाला पत्ता लागला नाही, मॅडम, असं म्हणत ते विभागाच्या व्हरांड्यात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते.

पावसाळ्यात अहवाल आला. विभागाकडे दाखवण्याजोगी फलनिष्पत्ती नाही, विभागप्रमुखांचं अतिथींशी वर्तन अनाकलनीय आहे, सबब प्रवेश थांबवावेत. अपिलाला थोडी मुदत होती. मी सरांना म्हटलं, आता लिहू या, त्या दिवशी काय झालं ते. सर नाही म्हणाले. मी विनवलं, भांडले, शेवटी रडले. ते म्हणाले, की अभ्यासक्रम बुडाला तर दुसरा काढता येईल, नांदणाऱ्या पोरीचा संसार मोडला तर कुठनं आणायचा. मला त्यांचा फार राग आला, आणि त्याच वेळी इतका आदर वाटला, की मी वर्गात जाऊन बसले.

पण मला गप्प बसवेना. मी रजा टाकली, इरफानला बरोबर घेतलं आणि माकणी गाठली. म्हटलं, पोरीच्या सासरचा अंदाज तरी घेऊ. सून अंगणात धुणं वाळत घालत होती. आम्हाला बघून तिचा चेहरा उतरला. सासूनं बसायला घातलं, चहा दिला. मी धरणाच्या पाण्यापासून सुरुवात करून सोयाबीनपर्यंत आले, पण मुद्द्यावर येता येईना. सासूनं कप खाली ठेवला.

"मॅडम, त्या आगीचंच इचारायला आलाव न्हवं?"

सासू म्हणाली, की मी काय आंधळी आहे का, धूर तेव्हाच बघितला. मालकांनीही बघितला. मग तुम्ही काहीच कसं बोलला नाहीत, असं मी विचारलं. तिनं सुनेकडे बघितलं.

"आग काय, माझ्या चुलीत बी रोज असती. म्हून काय सून परत धाडू व्हय?"

सून पदर तोंडाशी धरून हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. एवढे महिने ती बिचारी हेच मनात धरून बसली होती. मीही रडले. इरफान उगाचच छपराच्या वाशांकडे बघत होता. मी सासूबाईंना अभ्यासक्रमाची सगळी हकिकत सांगितली. लिहून दिलंत तरी चालेल, असं म्हणाले. त्या म्हणाल्या, की लिहायचं कशाला, मी येते की.

सुनावणी धाराशिवलाच होती. खोलीत तेच साहेब, तेच दोन सदस्य. मी सरांना काहीच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ते आलेच नसते. दारातून इरफानच्या मागोमाग सासूबाई आणि सून आत आल्या तसा सरांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हे माझ्याशी आयुष्यात बोलणार नाहीत.

साहेबांनी कागद उलटसुलट केले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाकी राहू द्या. मला एकच सांगा. त्या दिवशी माझं ताट घेऊन तुम्ही का निघालात?"

सर खाली बघत उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, सांगा की सर. शेवटी अगदी हळू म्हणाले, "मांडव पेटला होता, साहेब. आन् तुमच्या शेजारी व्याही बसले होते."

साहेबांना कळायला एक क्षण लागला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, सुनेकडे बघितलं, सासूकडे बघितलं. मग सासूबाईंनीच पदर सावरून सगळं सांगितलं. धूर त्यांनी पाहिला होता, त्यांच्या मालकांनी पाहिला होता, मागच्या रांगेतल्या बायकांनी पाहिला होता. जिलेबी बाहेर का वाढतायत हे निम्म्या पंगतीला ठाऊक होतं. मुलीकडचे बोलत नाहीत, मग आपण कशाला बोलायचं, असं म्हणून सगळे गप्प राहिले होते.

हे ऐकून सर खुश होतील असं मला वाटलं. ते भडकले.

"म्हंजे लोकांना कळलं होतं?" ते साहेबांकडे वळले. "साहेब, मग आमचे मार्क कापा. पद्धत चुकली. कुणालाच कळायला नको होतं, तेच तर आमचं..."

मी डोक्याला हात लावला. हातातोंडाशी आलेला अभ्यासक्रम हा माणूस स्वतःच्या तोंडानं घालवत होता. तेवढ्यात सासूबाई उठल्या.

"कळलं की, सर. पर कुणी पळालं का?"

सर एकदम खुर्चीत बसले आणि हसायला लागले. सून हसली, इरफान हसला, आणि ते दोन सदस्य, साहेबांकडे न बघता, हसले. साहेब हसत नव्हते. ते मान खाली घालून सासूबाईंचं वाक्य, जसं त्या बोलल्या तसं, लिहून घेत होते. अभ्यासक्रम अजून चालू आहे.